तो माझा विभाग नाही

मार्च महिन्यात एका महिला महाविद्यालयात करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघीजणी गेलो होतो. बोलावलं होतं ते अर्थातच 'महिला दिनाचं औचित्य साधून' चार शब्द बोलायला. मुख्य पाहुण्या होत्या मोबाइलवरून कपडे विकणाऱ्या एका कंपनीच्या ब्रँड-प्रमुख. बाई छान बोलल्या, हे आधीच सांगून टाकते. जाहिरात नुसती 'छान दिसते' म्हणू नका, तिच्यामुळे किती गिऱ्हाईक आलं, किती पुन्हा आलं, किती माल परत आला, हे आकड्यांत सांगायला शिका. मीटिंगमध्ये मिनिटं लिहायला बसू नका. बजेट स्वतःच्या हातात मागून घ्या, असं त्या म्हणाल्या. मुली भराभरा उतरवून घेत होत्या. मग बाईंनी 'गर्लबॉस' नावाच्या अमेरिकन पुस्तकाचा आदर्श समोर ठेवला.

प्रश्नोत्तरांत बी. कॉम.ची एक मुलगी उठली. तिची आई घरी बसून धागे तोडण्याचं, काज-बटणाचं काम नगावर करते. तिनं विचारलं, "मॅडम, कपड्याचा भाव कोण ठरवतं?"

बाई हसून म्हणाल्या, "तो माझा विभाग नाही."

मैत्रिणींनो, माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे.

पूर्वी कपडा आधी शिवला जाई आणि मग खपवला जाई. जाहिरात शेवटी यायची. या नव्या धंद्यात ती सुरुवातीलाच येते. एखाद्या झग्याचे थोडेच नग शिवून घ्यायचे, फोटो ॲपवर टाकायचे, बायका कशावर बोट ठेवतात ते पाहायचं. ज्यावर बोटं पडली त्याची मोठी ऑर्डर काढायची, आणि तीही तातडीची. बाकीचं बंद. म्हणजे कुठला झगा पुढे करायचा, सेल कधी लावायचा, किती टक्के सूट द्यायची, हे ब्रँडवाल्यांच्या टेबलावर ठरतं आणि काही दिवसांत कुठल्यातरी शिलाई मशीनवर जाऊन आदळतं. एका आठवड्यात रात्री जागून काम, दुसऱ्या आठवड्यात हात रिकामे. सुटीचा पैसा कुणाच्या खिशातून जातो? कंपनी तो पुरवठादाराच्या दरातून कापते, पुरवठादार शिवणाऱ्या बाईच्या मजुरीतून. आणि बाई म्हणतात, तो माझा विभाग नाही!

त्यांनी दिलेल्या आदर्शाचंच पाहा. सोफिया अमोरुसो यांनी २००६ मध्ये ईबेवर जुने कपडे विकायला सुरुवात केली, त्यातून 'नॅस्टी गॅल' उभी केली आणि २०१४ मध्ये 'गर्लबॉस' लिहिलं. स्वतःच्या बळावर मोठी झालेली बाई, याबद्दल मला आकस नाही. पण पुढच्याच वर्षी त्या कंपनीवर खटला झाला, गरोदर कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्याच्या आरोपावरून. कंपनीनं आरोप नाकारला. २०१६ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१७ मध्ये तिचं नाव दोन कोटी डॉलरना विकत घेतलं इंग्लंडच्या 'बूहू'नं. बूहूच्या दोन संस्थापकांपैकी एक बाईच, कॅरल केन. २०२० च्या जुलैत लेस्टर शहरात बूहूच्या ब्रँडसाठी कपडे शिवणाऱ्या कारखान्यात तासाला साडेतीन पौंड मजुरी मिळते, अशी बातमी फुटली. पंचविशीपुढच्या कामगाराला तेव्हा कायद्यानं किमान ८.७२ पौंड मिळायला हवे होते. कंपनीनंच नेमलेल्या वकील ॲलिसन लेविट यांनी सप्टेंबरात अहवाल दिला, की कमी मजुरी आणि वाईट परिस्थितीचे आरोप बऱ्याच अंशी खरे आहेत. वर बाई होती, खाली शिवणाऱ्यांतही बाया होत्या. मधली शिडी कुणाच्या खांद्यावर टेकली होती, ते दिसतंच आहे.

आता थोडं आपल्याकडेही बोट दाखवते. फॅशन म्हटलं की आपण नाक मुरडलं. ऐंशीच्या दशकात आपण अश्लील पोस्टरांना काळं फासलं, १९८६ मध्ये स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदा आला. ते योग्यच होतं. पण आपण पोस्टरवरच्या बाईचं शरीर पाहत राहिलो, तिच्या अंगातला कपडा कुणी शिवला ते फारसं विचारलं नाही. आजच्या जाहिरातीत अश्लील काहीच नसतं. उलट आपल्याच घोषणा असतात, छान रंगात छापलेल्या. काळं कशाला फासणार? म्हणून 'बाजारातल्या बाया' अशी हेटाळणी पुरे झाली. आपल्या मुली या नोकऱ्यांत जाणार, आणि जावं. तिथे खरी सत्ता आहे. फक्त ती वापरताना विभाग आठवू नये.

ती वापरता येते, याला पुरावा आहे. तमिळनाडूत दिंडीगुल जिल्ह्यात निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यातल्या एका दलित तरुणीचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला. आरोपी तिचाच सुपरवायझर. स्त्रियांनी चालवलेली तिथली युनियन गप्प बसली नाही. तिनं देशाबाहेरच्या संघटनांना जोडून घेतलं आणि एप्रिल २०२२ मध्ये करार झाला. एच अँड एम, गॅप आणि पीव्हीएच या ब्रँडांनी सह्या केल्या. कारखान्यात लैंगिक छळ थांबवण्याच्या अटी मोडल्या तर धंद्यावर परिणाम होईल, हे ब्रँडांवर बंधनकारक झालं. कामगार बायांमधूनच देखरेख करणाऱ्या नेमून त्यांना प्रशिक्षण मिळालं. ब्रँडला खालचं काही दिसत नाही, म्हणे! सही केली की दिसू लागतं.

कार्यक्रमानंतर त्या पाहुण्यांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, की त्यांच्या पुढच्या मोहिमेला आपल्या संघटनेचं नाव देता येईल का. देणगीचाही उल्लेख झाला. आम्ही लगेच नाही म्हटलं नाही. पत्र पाठवलं आहे. तुमचा माल शिवणाऱ्या कारखान्यांची यादी जाहीर करणार का, सेलमधली सूट मजुरीतून कापली जाणार नाही असं लिहून देणार का, तिथे युनियनला आत येऊ देणार का आणि पाळणाघर आहे का, एवढंच त्यात विचारलं आहे. ते पत्र कुठल्याही विभागाला नाही, बाईंच्याच नावानं लिहिलं आहे. उत्तर आलं की छापू.