पाना हातात घ्यायला लाज कसली?

गंजून लाल झालेला, गवतात रुतलेला अमेरिकन ट्रक. कुणीतरी तो ओढून घरी आणतो, धुतो, उघडतो, रंगवतो आणि तिसाव्या सेकंदाला तो धडधडत सुरू होतो. असली रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असणारच. आपण लाइक ठोकतो आणि पुढे सरकतो. मला विचाराल तर त्या रीलमध्ये आपण चुकीची गोष्ट बघतो. आपण बघतो गाडी. बघायला हवेत ते हात.

कारण ते हात बऱ्याचदा मालकाचेच असतात. अमेरिकेत हा छंद फक्त कोट्यधीशांचा नाही. घराला लागून गॅरेज असतं, सुट्टीच्या दिवशी शटर वर जातं आणि एरवी ऑफिसात बसणारा माणूस गाडीखाली आडवा होतो. नखांत काळं ग्रीस घेऊन तो सोमवारी कामावर जातो आणि कुणी त्याला 'हे काय चालवलंयस?' असं विचारत नाही.

याची मुळं जुनी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या तरुण पोरांकडे नवी गाडी घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी जुन्या, स्वस्तातल्या फोर्ड घेतल्या. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन आणलं होतं, त्यामुळे अशा गाड्या हाताशी होत्या. पोरांनी नको ते पत्रे कापून टाकले, इंजिनं खोलली, वेग वाढवला. 'हॉट रॉड' हा प्रकार यातूनच फोफावला. म्हणजे आज ज्याला आपण श्रीमंती शौक समजतो, त्याच्या मुळाशी खिसा रिकामा असलेली तुमच्याच वयाची मुलं आहेत.

आता एक गाडी नीट बघू. शेवरोले ३१००, १९४७ साली आलेला पिकअप ट्रक. बॉनेट उघडलं की मध्ये एका ओळीत सहा सिलिंडरचं, साधारण साडेतीन लिटरचं इंजिन आणि आजूबाजूला हात घालायला भरपूर जागा. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. गाडी सुरू होत नाही? मग हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब, यांतलं काहीतरी कमी पडतंय किंवा ठिणगीची वेळ चुकतेय. प्लग काढून बघा, पॉइंट घासा, कार्ब्युरेटर खोलून धुवा. एकेक शक्यता खोडत जा, शेवटी चोर सापडतोच.

यातली एक गंमत तर तुमच्या बारावीच्या फिजिक्समधली आहे. या ट्रकची इलेक्ट्रिकल सिस्टीम सहा व्होल्टची. स्टार्टर रडतखडत फिरायला लागला की नवशिका आधी बॅटरी बदलतो. काही फरक पडत नाही. दोष अनेकदा वायरमध्ये असतो, कारण आधीच्या कुणीतरी बारा व्होल्टच्या गाडीला चालणारी बारीक केबल बसवलेली असते. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. व्होल्टेज निम्मं झालं तर तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागणार आणि दुप्पट करंटला जाड केबल लागणार. वर अर्थिंगच्या टोकाला गंज असेल तर विषयच संपला. हे सूत्र आपण परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. गाडीखाली झोपलेल्या माणसाला ते कळलेलं असतं. या दोन्हींत फरक आहे की नाही?

आणि हे सगळं लांबचं, अमेरिकेतलं आहे असं समजू नका. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ आणि फार्गोचे ट्रक बनवत होती. महिंद्रची जीप मूळची अमेरिकन विलिसची. पुढे परदेशी कंपन्या गेल्या, आयात आवळली गेली आणि पार्ट मिळेनासे झाले. तरीही त्या गाड्या कित्येक वर्षं धावल्या. कुणामुळे? लेथवर पार्ट घडवणाऱ्या, एका गाडीचा तुकडा दुसरीला बसवणाऱ्या उस्तादांमुळे. क्युबाच्या रस्त्यांवर आजही पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या फिरतात त्याही अशाच जोरावर.

पण आपल्याकडच्या व्हिंटेज रॅलीत कौतुक कुणाचं होतं? फेटा बांधून स्टिअरिंगवर बसलेल्या मालकाचं. ज्याने सहा महिने खपून ती गाडी उभी केली, तो बहुतेकदा गर्दीत मागे असतो. खरा प्रॉब्लेम इथे आहे. 'एवढं शिकून काय गॅरेजात पाने फिरवणार?' हे वाक्य आपण घरोघरी ऐकलंय. हाताने काम करणारा खालचा आणि त्याला काम सांगणारा वरचा, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की मेकॅनिकलची डिग्री घेऊनही साधा प्लग न काढलेली मुलं सापडतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. अमेरिकेकडून घ्यायचंच असेल, तर गाडी राहू द्या, ही लाज नसणं घ्या.

आता तुमचे 'पण' येणार. पण या गाड्या प्रदूषण करतात. करतात, मान्य. अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सरसकट आले ते १९७५च्या मॉडेल्सपासून. पण त्या धोकादायक आहेत. त्याही आहेत. जुन्या गाड्यांना सीटबेल्ट नसतात आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी असतो, एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ हवेने उडवायची नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही, आधी स्टँड लावायचे. त्यामुळे अशी गाडी रोज कॉलेजला नेण्यासाठी नाहीच. आपल्याकडेही २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून 'व्हीए' सिरीजमध्ये नोंदणी होते, पण ती रोजच्या वापराला चालत नाही. ते योग्यच आहे.

आणि पैसा? ३१००ला तिथे अजून नवे पार्ट बनवून मिळतात, तरी घरच्या घरी केलेला प्रोजेक्टही अनेकदा गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडतो. कित्येक गाड्या अर्धवट खोललेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं पडून राहतात. खोलणं सोपं असतं, प्रत्येक नटबोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावायची शिस्त अवघड असते. नफ्यासाठी कुणी यात पडू नये.

तरीही मी म्हणेन, शिका. कारण उघडता न येणाऱ्या वस्तूंनी आपलं घर भरत चाललंय. फोनची बॅटरी चिकटवलेली, गाडीचा दोष कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी गाडीच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजलाही मिळावी म्हणून भरभरून मतदान केलं. आपली गाडी आपल्याला खोलता आली पाहिजे, हे ज्यांना हाताने ठाऊक असतं, त्यांनाच हा हक्क जातोय हे लवकर कळतं.

आपल्याकडे शेवरोले नाही आणि गॅरेजही नाही. पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली बाबांची स्कूटर तर आहे? कोपऱ्यावरच्या मेकॅनिककाकांना विचारा, येत्या रविवारी दोन तास बाजूला उभं राहू का म्हणून. पहिल्या दिवशी फक्त पाने हातात द्या. कार्ब्युरेटर पुढच्या रविवारी.