शौक चांगला, पण वेळ कोणाचा?

गेल्या महिन्यात एका बहिणीचं पत्र आलं. नाव-गाव छापू नका, अशी तिची विनंती आहे. पत्रातली हकीकत थोडक्यात अशी. पती नोकरदार आहेत. विडी नाही, तंबाखू नाही, वाईट सोबत नाही, पगार पूर्ण घरात येतो. गच्चीवरच्या खोलीत त्यांनी छोट्या रेल्वेगाड्या मांडल्या आहेत. रूळ, स्थानक, बोगदा, डोंगर, सगळं हातानं बनवलेलं. गेल्या वर्षभरात 'तब्येत ठीक नाही' असा अर्ज देऊन ते चार-पाच वेळा घरी राहिले आणि दिवसभर त्या खोलीत होते. सासऱ्यांना डोळ्यांच्या तपासणीला तिनं एकटीनं नेलं. नणंदेच्या मुलीच्या निकाहला 'तू मुलांना घेऊन पुढं हो, मी आलोच' म्हणाले आणि पोहोचले तेव्हा जेवणं उरकली होती. शेवटी बहीण विचारते, 'हे बाहेर कुठं जात नाहीत, घरातच असतात. मग मी तक्रार तरी कशाची करू? बायका मला म्हणतात, नशीबवान आहेस.'

या महिन्याचं हे पान या एका प्रश्नासाठी.

दारू, जुगार, सट्टा यांची तक्रार करणं सोपं असतं. घरातली मोठी माणसं बाईच्या बाजूनं उभी राहतात, जमातीतले लोक समज देतात. पण ज्या शौकात वाईट असं काही दिसतच नाही, त्यानं होणारं नुकसान कोणत्या शब्दांत सांगायचं? म्हणून अशा घरातली बाई गप्प बसते आणि पुरुषाला वाटतं, सगळं ठीक चाललं आहे.

हा शौक आपल्याकडे फारसा पाहायला मिळत नाही, म्हणून आधी त्याची ओळख करून घेऊ. छोटी गाडी म्हटलं की आपल्याला माथेरानची गाडी आठवते. आदमजी पीरभॉय घराण्यानं उभारलेली ही गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधलं अंतर दोन फूट. आपण ज्या गाडीबद्दल बोलतो आहोत ती टेबलावर मावते. या शौकातलं सगळ्यात प्रचलित माप असं, की प्रत्येक वस्तू खऱ्या वस्तूच्या ८७ व्या भागाएवढी आणि रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. म्हणजे आपल्या एक्स्प्रेसचा लांबलचक डबा या मापात वीतभर होतो आणि फलाटावरचा माणूस बोटाच्या पेरापेक्षाही लहान. आपल्या पुण्यात, कोथरूडला, भाऊ जोशी यांच्या अशाच छंदातून उभं राहिलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. मुलांना एकदा अवश्य दाखवावं.

हा शौक इतका वेळ का खातो, तेही समजून घ्यायला हवं. प्लायवूडवर रूळ बसवायचे, तारा जोडायच्या, प्रत्येक सांध्याला डाग द्यायचा, रुळांमध्ये बारीक खडी गोंदानं चिकटवायची, डोंगराला रंग द्यायचा, झाडं लावायची. रुळावर थोडी धूळ बसली तरी वीज चाकांपर्यंत पोहोचत नाही आणि गाडी थांबते, म्हणून रूळ पुन्हा पुन्हा पुसायचे. यातलं एकेक काम अर्ध्या-पाऊण तासाचं. पण एक संपलं की दुसरं समोर उभं राहतं. स्थानक झालं की सिग्नल हवा, सिग्नल लागला की पूल हवा. अशी मांडणी कधी पूर्ण होत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. त्या खोलीत सगळं माणसाच्या हातात असतं. बटण दाबलं की गाडी सुटते, दाबलं की थांबते. बिघाड झाला तर शोधता येतो आणि दुरुस्त केला की लगेच दिसतो. घरात आणि कचेरीत असं होत नाही. साहेबांची नाराजी, कर्जाचा हप्ता, आईचं दुखणं, मुलाचे गणितातले गुण, यांना बटण नसतं. थकलेला माणूस जिथं आपलं ऐकलं जातं तिथं ओढला जातो. त्या ओढीत गुन्हा नाही. पण ती ओढ ओळखायला मात्र हवी.

कार्टून चित्रपटांमुळं जगभर नाव झालेले वॉल्ट डिस्ने याच ओढीचे होते. स्टुडिओच्या यंत्रशाळेत जाऊन ते स्वतः हातानं काम शिकले आणि १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या आपल्या घराच्या आवारात त्यांनी वाफेवर चालणारी छोटी गाडी सुरू केली. खऱ्या इंजिनाच्या आठव्या हिश्शाएवढं इंजिन, सुमारे अर्धा मैल रूळ. इंजिनाला त्यांनी पत्नी लिलियन यांच्यावरून 'लिली बेल' असं नाव दिलं. रूळ पत्नीच्या फुलझाडांच्या वाफ्यातून जाणार होता, तेव्हा त्यांनी वाफ्याखालून बोगदा काढला. शिवाय जागा वापरण्याबद्दल रीतसर करारनामा करून त्यावर पत्नीच्या आणि दोन्ही मुलींच्या सह्या घेतल्या. करार गमतीचा होता. पण त्या गमतीत एक समज होती, की आवार एकट्याचं नाही आणि शौकाला वाट हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. पुढं १९५३ मध्ये अपघात होऊन पाहुण्यांपैकी एक लहान मुलगी वाफेनं भाजली, तेव्हा त्यांनी घरची गाडी बंद केली.

दुसरं उदाहरण विद्यार्थ्यांचं आहे आणि शिक्षक म्हणून आम्हाला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत तंत्रशिक्षण संस्थेत १९४६ पासून विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब आहे. १९५८ च्या सुमारास तिथली काही मुलं मांडणीखालच्या तारांच्या जंजाळात अशी रमली की रात्री जागून काढू लागली, तासिका बुडवू लागली. त्याच ओढीनं ती संगणकाकडे वळली आणि संगणकाच्या इतिहासात त्यांची नावं नोंदली गेली. त्यांच्यातला रिचर्ड ग्रीनब्लाट १९६२ मध्ये संस्थेत दाखल झाला. क्लबच्या गाड्यांचं वेळापत्रक संगणकाकडून तयार करून घ्यायचं, या ध्यासातून तो मोठमोठे प्रोग्राम लिहू लागला. त्यात त्याची पदवी राहून गेली. पुढं त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेनं त्याला कामावर घेतलं आणि १९६७ मध्ये त्यानं लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम माणसांच्या स्पर्धेत खेळला.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मागच्या बाकावरून आवाज येतो, 'सर, म्हणजे तास बुडवले तर चालतं!' आम्ही मुलांना सांगतो, जे बुडून वर आले त्यांचीच नावं पुस्तकात येतात. जे बुडाले आणि वर आलेच नाहीत, त्यांची नावं लिहायला कोणी बसत नाही. आणि त्या मुलांच्या हाताशी त्या काळातले दुर्मिळ संगणक होते, गुणांपलीकडे पाहणारी माणसं होती. शिवाय ती विशीतली, बिनालग्नाची मुलं होती. त्यांनी बुडवला तो स्वतःचा तास. त्यांच्या घरी कोणी म्हातारा बाप डोळ्यांच्या तपासणीसाठी तयार होऊन बसला नव्हता.

आमच्या मते या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. शौक चांगला की वाईट, ही पहिली चौकशी नव्हे. पहिला प्रश्न असा, की त्याला दिलेला वेळ कोणाचा होता?

नोकरदाराच्या दिवसाचे सरळ तीन वाटे पडतात. एक वाटा पगार देणाऱ्याचा. तो आपण विकलेला असतो. 'तब्येत ठीक नाही' असा अर्ज देऊन त्या दिवशी रूळ जोडत बसणं म्हणजे विकलेला माल परत काढून घेणं. त्यात खोटं बोलणं आलं आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसावर दुप्पट काम पडलं, तेही आलं. दुसरा वाटा घरच्यांचा. आई-वडील, पत्नी, मुलं, नातेवाईक यांचा आपल्यावर हक्क आहे, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवलं जातं. पण हक्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खर्चाचा पैसा येतो. वेळ हासुद्धा हक्क आहे, हे विसरलं जातं. तिसरा वाटा माणसाचा स्वतःचा. तो असायलाच हवा. ज्याला घटकाभर फुरसत नाही तो माणूस चिडका होतो आणि त्याचा त्रास घरालाच होतो. शौक या तिसऱ्या वाट्यातून भागला तर त्यात बरकत आहे. पहिल्या दोन वाट्यांतून काढला तर ती उधारी आहे, आणि ती दुसरंच कोणीतरी फेडत असतं.

पत्रातल्या घरात कोण फेडतं, ते उघड आहे. पती वर गच्चीवर असतात त्या तासात खाली भाकरी होते, मुलांचा अभ्यास होतो, सासऱ्यांच्या गोळ्या दिल्या जातात. शाळेच्या पालकसभेत आम्ही वर्षानुवर्षं एकच चित्र पाहतो. बाकांवर बहुतेक अम्मीच बसलेल्या असतात. 'अब्बा कामावर आहेत,' असं मुलं सांगतात. बऱ्याच वेळा ते खरंही असतं. पण अब्बा घरी असूनही आले नाहीत, तर मुलाला ते ठाऊक असतं. ते बोलत नाही, एवढंच.

आणि एक प्रश्न आमच्या भावांना. तुमच्या पत्नीचा शौक कोणता, हे तुम्हाला ठाऊक आहे का? लग्नाआधी ती भरतकाम करत असेल, वाचत असेल, लिहीत असेल. आता करत नसेल, तर तिचे ते तास कुठं गेले? ज्या घरात एकाच माणसाला शौक परवडतो, त्या घरात तो शौक दुसऱ्याच्या फुरसतीवर चाललेला असतो.

मग काय करावं? या बहिणीला आम्ही सांगू, की गाड्यांना 'खेळणी' म्हणून हिणवू नका, तारा काढून ठेवू नका, चारचौघांत बोलू नका. त्यानं माणूस खोलीची कडी आतून लावतो. 'तुम्हाला घराची पर्वाच नाही' हेही म्हणू नका, कारण त्यावर फक्त भांडण होतं. नेमकं मागा. 'शनिवारी दहा वाजता अब्बांना डॉक्टरकडे तुम्ही न्यायचं.' 'सोमवारी पालकसभेला तुम्ही जायचं.' कामाला दिवस आणि वेळ जोडली की टाळणं कठीण जातं. तरीही टाळलं, तर तक्रार कशाची करायची हा प्रश्न उरत नाही.

भावांना सांगणं असं, की खोट्या आजाराची रजा आजपासून बंद. शौकाला दिवस हवा असेल तर आपल्या हक्काची रजा उघडपणे घ्या आणि घरात सांगून घ्या. इशानंतरचा तासभर आणि सुट्टीची एक सकाळ ठरवून घ्या. त्या वेळी घरानंही तुम्हाला हाक मारू नये. तेवढाच निवांत वेळ आठवड्यातून पत्नीला मिळेल, याची जबाबदारी मात्र तुमची. जो शौक सांगून करता येत नाही, त्यात कुठंतरी दुसऱ्याचा वाटा आला आहे, असं समजावं.

आणि खोलीचं दार उघडं ठेवा. आमच्यासारख्या मास्तरांना सातवीच्या मुलांना गुणोत्तर-प्रमाण शिकवताना घाम फुटतो. 'खरा पूल ८७ मीटरचा, तर आपला केवढा?' या एका प्रश्नात तो धडा संपतो. वीज कुठून येते, मंडल कुठं तुटलं, हे शोधताना विज्ञान कळतं. कॅनडाचे प्रसिद्ध गायक नील यंग यांना छोट्या गाड्यांचा मोठा शौक. त्यांचा मुलगा बेन याला सेरेब्रल पाल्सी आहे, हातांवर पुरता ताबा नाही. त्यालाही गाडी चालवता यावी म्हणून त्यांनी मोठ्या बटणाचं खास यंत्र तयार करवून घेतलं. तासच ते, पण बापाच्या शौकाचे तास मुलाचेही झाले.

गच्चीवरची ती मांडणी मोडायची काहीच गरज नाही. वेळापत्रक तेवढं घरातल्या सगळ्यांनी मिळून करावं. रुळांशी ज्याची दोस्ती आहे त्याला हे वेगळं सांगायला नको, की एक गाडी दुसऱ्या गाडीच्या वेळेवर आणि तिच्याच रुळावर सोडायची नसते.