विश्लेषण : फाइल सांभाळायला शिकवते कोण?

वसईतल्या पापडीत एखादे जुने घर विकायचे ठरले, की खरेदीदाराचा वकील कागदांची यादी पाठवतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, आधीचे खरेदीखत, घरपट्टीचा उतारा, बांधकाम परवानगी. प्रत्येक कागदाचे कार्यालय वेगळे. त्यात ही कार्यालयेही बदलत गेलेली. १९९० मध्ये वसई-विरार पट्ट्यासाठी सिडको विशेष नियोजन प्राधिकरण झाले. ३ जुलै २००९ रोजी चार नगर परिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून महापालिका स्थापन झाली. पुढच्या वर्षी नियोजनाचे अधिकार सिडकोकडून महापालिकेकडे आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हाही बदलला; ठाण्याचे पालघर झाले.

अशा प्रत्येक बदलात दप्तर एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाते. ते मोजून घेणे, यादी करणे, काय ठेवायचे आणि काय नष्ट करायचे हे ठरवणे, हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. ते कोणाकडे आहे, आणि ते शिकण्याची सोय कुठे आहे?

कागद न सापडण्याची किंमत काय?

वसई-विरारमध्ये हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहिलेला नाही. सिडको, महापालिका आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नावाने बनावट परवानग्या आणि शिक्के तयार करून इमारती उभारणारी टोळी २०२३ मध्ये पोलिसांनी उघडकीस आणली. अशा ५५ इमारतींची चर्चा तेव्हा झाली. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर फेब्रुवारी २०२५ पर्यंत पाडल्या गेल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्या प्रकरणातही कागदपत्रे बनावट असल्याचे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे.

या साऱ्याला केवळ अभिलेख कक्षातला गोंधळ जबाबदार आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्यात पैसा आहे, संगनमताचे आरोप आहेत. मात्र बनावट परवानगी पकडायची, तर मूळ नोंदवही दहा मिनिटांत समोर येणे आवश्यक असते. ती यायला दोन महिने लागत असतील, तर तोवर स्लॅब पडलेला असतो.

कायदा काय सांगतो?

कायद्याची उणीव नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अभिलेख तयार करणाऱ्या यंत्रणेने ‘अभिलेख अधिकारी’ नेमायचा आहे. अभिलेख नियमबाह्य नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अभिलेखांची सूची करून ते व्यवस्थित ठेवणे बंधनकारक आहे. ‘फाइल गहाळ आहे’ हे माहिती नाकारण्याचे कारण त्या कायद्यात कुठेही नाही. सापडत नसेल तर शोध घ्या, जबाबदारी निश्चित करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात स्पष्ट केले.

पद्धतही जुनी आणि चांगली आहे. राज्यातील कार्यालयांत अभिलेखांचे ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग असतात. ‘अ’ कायमचे, ‘ब’ ३० वर्षांचे, ‘क’ १० वर्षांचे, ‘क-१’ पाच वर्षांचे, ‘ड’ एका वर्षाचे. टेबलावरच्या कामासाठी सहा गठ्ठे पद्धत आहे : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायची प्रकरणे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची घडी बसवली. तो ‘लखिना पॅटर्न’ आजही प्रशिक्षणात शिकवला जातो.

घोडे अडते ते माणसापाशी. ‘अभिलेख अधिकारी’ हा बहुतेक वेळा अतिरिक्त कार्यभार असतो. रेकॉर्ड रूम म्हणजे नको असलेली बदली, अशी समजूत कार्यालयांत घट्ट आहे. निंदणीकरणाची मोहीम निघाली की गठ्ठे बांधले जातात. मोहीम संपते, बांधणारा लिपिक बदलून जातो आणि कोणता गठ्ठा कुठे हे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते.

प्रशिक्षण मिळते कुठे?

दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख प्रशिक्षण संस्थेत एक वर्षाची पदविका आणि काही अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आहेत. पुण्यात ‘यशदा’ शासकीय कर्मचाऱ्यांना कार्यालयीन पद्धती शिकवते. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचे वर्ग घेते. त्या वर्गांचे महत्त्व २०२३ मध्ये कळले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली.

पापडीहून रोज कामावर जाणाऱ्या लिपिकाला, रुग्णालयातल्या रेकॉर्ड विभागातील कर्मचाऱ्याला किंवा गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला यातले किती हाताशी आहे? फारसे नाही. गरज मात्र तिघांनाही आहे. आंतररुग्णाचे कागद किमान तीन वर्षे ठेवायचे आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायचे, असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्यातही प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्या व दप्तर जपावे, असे कलम आहे. म्हणजे पापडीच्या अवर लेडी ऑफ ग्रेस कॅथेड्रललाही ते लागू. अभियांत्रिकी कंपन्यांत तर ‘डॉक्युमेंट कंट्रोलर’ हे वेगळे पद असते. कारण जुन्या आराखड्यावर काम झाले, तर पाइप चुकीच्या जागी बसतो.

संघटना असली तर काय बदलते?

अमेरिकेत १९५५ पासून अभिलेख व्यवस्थापकांची संघटना आहे, आजची ‘आर्मा इंटरनॅशनल’. तिचे काम शहरांतल्या शाखांतून चालते : सभा, व्याख्याने, एकमेकांच्या कार्यालयांतल्या अडचणींवर चर्चा. प्रमाणित अभिलेख व्यवस्थापकाचे प्रमाणपत्र देणारी वेगळी संस्था आहे. ते टिकवायला पाच वर्षांत १०० गुणांचे प्रशिक्षण दाखवावे लागते.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. महाराष्ट्रातल्या ग्रंथपालांकडे असा नमुना आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात राज्य, विभाग आणि जिल्हा ग्रंथालय संघांना मान्यता देण्याची तरतूद आहे आणि ग्रंथालय प्रमाणपत्र वर्ग जिल्हा संघांमार्फत चालतात. गावातल्या वाचनालयात काम करणाऱ्याला शिकायला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. सार्वजनिक अभिलेख कायद्यात अशी जिल्हा पातळीवरची रचना नाही.

असा संघ पालघरमध्ये उभा राहिला, तर महापालिका, तहसील, रुग्णालये आणि सोसायट्या एका टेबलावर येऊ शकतील. वाळवी आणि पावसाळी ओल सगळ्यांची सारखीच आहे. धोका एवढाच, की सत्कार आणि स्नेहसंमेलन यापलीकडे काम गेले पाहिजे.

स्कॅन केले की काम संपले?

नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून फाइली जळाल्या, त्यानंतर ई-ऑफिसने वेग घेतला. जुने सातबारा आणि फेरफार आता ऑनलाइन पाहता येतात. पण ‘स्कॅन०००१’ नावाची फाइल म्हणजे रेकॉर्ड रूममधला बिनयादीचा गठ्ठाच. फक्त तो हार्ड डिस्कवर आहे. विषय, तारीख, वर्ग आणि जतनाची मुदत त्याला जोडलेली नसेल, तर शोधयंत्र काही करू शकत नाही.

त्यात आता वैयक्तिक विदा संरक्षणाची भर पडली आहे. २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. कारण संपले की वैयक्तिक माहिती पुसायची. दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे बंधनकारक असेल तर ठेवायची. ही रेषा कुठे आखायची, हे अखेर कोणा तरी कर्मचाऱ्यालाच ठरवावे लागेल.

नागरिकाला आज काय करता येईल?

कागद ‘सापडत नाही’ असे उत्तर आले, तर अर्जदाराने तिथेच थांबू नये. अभिलेख अधिकारी कोण, संबंधित विभागाची अभिलेख सूची आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवही, या तीन गोष्टी माहिती अधिकारात मागता येतात. नष्ट केल्याची नोंद नसेल, तर कागद कार्यालयातच असायला हवा.