अलीने बरगड्या का सोडल्या?

मुहम्मद अलीच्या लढतींच्या चित्रफिती पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. त्याचे बहुतेक ठोसे चेहऱ्यावर पडत. प्रतिस्पर्ध्याच्या पोटाकडे, बरगड्यांकडे तो क्वचितच वळे. टीकाकार यास उणीव म्हणतात. तरुण अलीपुरता तरी हा आरोप अन्यायाचा आहे.

पोटावर ठोसा हाणायचा तर गुडघ्यांत वाकून जवळ शिरावे लागते आणि हात खाली जाताच स्वतःचा चेहरा उघडा पडतो. ६ फूट ३ इंच उंचीचा अली हात तसेही कमरेपाशीच ठेवी. त्याची ढाल म्हणजे चपळ पाय आणि ऐनवेळी मागे झुकणारी मान. १९६४ मध्ये मायामीत त्याने सनी लिस्टनला लांबूनच जेरीस आणले. सातव्या फेरीस लिस्टन उठलाच नाही.

खरी किंमत पुढे मोजावी लागली. सैन्यभरतीस नकार दिल्याने १९६७ ते १९७० ही उमेदीची वर्षे रिंगबाहेर गेली. पाय मंदावले, सवय तीच राहिली. बरगड्यांवरचा मार दिसायला फिका, पण तो प्रतिस्पर्ध्याचा दम काढतो. तो न बसल्याने १९७१ मध्ये न्यूयॉर्कला पंधराव्या फेरीतही जो फ्रेझरच्या डाव्या हुकमध्ये अलीला आडवे करण्याइतके बळ उरले होते.

समर्थक १९७४ च्या किन्शासाचा दाखला देतात. तेथे जॉर्ज फोरमन दमला खरा, पण तो अलीच्याच पोटावर ठोसे हाणून!

१९७५ मध्ये मनिलात चौदा फेऱ्यांनंतरही फ्रेझर उठायला तयार होता. सुजलेल्या डोळ्यांनी त्याला दिसेनासे झाले होते, म्हणून प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली.