वात्सल्यमूर्तीच्या पलीकडे

राजमाता जिजाऊ म्हटले की मराठी माणसांच्या एका पिढीच्या डोळ्यांपुढे सुलोचनादीदींचा चेहरा उभा राहतो. भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) या चित्रपटाची ही पुण्याई. ४ जून २०२३ रोजी मुंबईत दीदींचे निधन झाले, तेव्हा ‘सोज्ज्वळ’, ‘वात्सल्यमूर्ती’ ही विशेषणे मुक्तहस्ताने उधळली गेली. ती खोटी नव्हेत. पण त्यांच्या ढिगाऱ्याखाली एक समर्थ अभिनेत्री मात्र झाकली गेली.

३० जुलै १९२८ रोजी बेळगाव जिल्ह्यातील खडकलाट येथे जन्मलेल्या या मुलीला कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत भालजींनी घडविले. सुलोचना हे नावही त्यांचेच देणे. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा भस्मसात झाला, ‘मीठ भाकर’ची प्रत जळाली, भालजींनी तो चित्रपट पुन्हा उभा केला. ज्या शाळेत असा गुरू, तिथली विद्यार्थिनी कष्टाला कशी डरणार? ‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३) या चित्रपटाने ती घराघरांत पोहोचली.

हिंदी चित्रसृष्टीने मात्र तिला ऐन तिशीत आई करून टाकले. ‘जॉनी मेरा नाम’मध्ये (१९७०) ती देव आनंदची आई झाली, प्रत्यक्षात देव आनंद तिच्याहून पाच वर्षांनी मोठा! नायकाचे वय वाढत नाही आणि नायिकेला तिशीनंतर जागा नाही, हा त्या व्यवसायाचा अलिखित कायदा. दीदींनी त्याविरुद्ध आदळआपट केली नाही. मिळालेल्या चौकटीतच त्यांनी माणसे उभी केली.

त्यांतील सर्वांत अवघड माणूस बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मधील (१९५९) चारू. साथीच्या रोगात आईबाप गेलेली अस्पृश्य मजुराची पोर या सुखवस्तू घरात वाढते. चारू तिला खाऊपिऊ घालते, जीवही लावते. परंतु परक्यांसमोर तिची ओळख ‘मुलीसारखी’ अशीच करून देते. त्या ‘सारखी’मध्ये सारा हिंदू समाज सापडतो. चारू दुष्ट नाही. ती सुसंस्कृत आहे, धर्मभीरू आहे, लोक काय म्हणतील या धास्तीने ग्रासलेली आहे. म्हणूनच ती प्रेक्षकाला आपल्या घरातली वाटते आणि बोचते. खलनायिका रंगविणे त्यामानाने सोपे. माया आणि विटाळ यांचे एकाच मनातील नांदणे दीदींनी कोणताही आकांत न करता, अडखळणाऱ्या हातांनी आणि चुकविलेल्या नजरेने दाखविले. समरसतेवरील अनेक भाषणांना जे साधत नाही, ते इथे साधले आहे.

पद्मश्री (१९९९) आणि महाराष्ट्र भूषण (२००९) हे सन्मान त्यांना मिळाले. दादासाहेब फाळके पुरस्कार अखेरपर्यंत लाभला नाही. त्याची खंत कोल्हापूरकरांना आजही आहे आणि ती रास्त आहे.

‘सुजाता’चा शेवट सुखाचा आहे. जखमी चारूला सुजाताचे रक्त चढते, तेव्हा कुठे ती तिला मुलगी म्हणते. रक्त देण्याची पाळी आलीच नसती, तर चारूने ते म्हटले असते काय, हे बिमलदांनी सांगितलेले नाही. दीदींच्या चेहऱ्यावर मात्र पश्चात्तापाइतकीच शरमही दिसते.