राज्यगीत म्हणूं, आणि हिशेबही मागूं

ठाकूरद्वार, मुंबई.

गेल्या १ मे रोजीं सकाळीं ठाकूरद्वाराच्या नाक्यावर कर्ण्यांतून महाराष्ट्राचें राज्यगीत लागलें, तेव्हां रस्त्यानें चाललेलीं माणसें जागच्या जागीं उभीं राहिलीं. भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई उभी राहिली, हातगाडीवाला उभा राहिला, गिरणींत सारी हयात घालविलेले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे राहिले. गीत संपल्यावर त्यांच्या नातवानें विचारलें, "आजोबा, रेवा म्हणजे काय?" आजोबांना सांगतां आलें नाहीं. शेजारीं उभ्या असलेल्या दोघां शिकल्यासवरल्या गृहस्थांनाही सांगतां आलें नाहीं. रेवा म्हणजे नर्मदा आणि वरदा म्हणजे वर्धा, एवढें सांगून आम्हीं त्या मुलाचें समाधान केलें. परंतु आमचें स्वतःचें समाधान झालें नाहीं. ज्या गीताला आपण उभे राहतों तें कोठून आलें, कोणीं गाइलें, आणि त्यांत आपल्यासारख्या कष्टकऱ्यांचें काय आहे, हें आपणांस कोणी नीटपणें सांगितलेंच नाहीं. म्हणून आज हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम राष्ट्रगीताची हकीकत पाहूं. रवींद्रनाथ ठाकूर यांचें 'जन गण मन' हें गीत २७ डिसेंबर १९११ रोजीं कलकत्त्यास काँग्रेसच्या बैठकींत प्रथम गाइलें गेलें. त्याच दिवसांत पंचम जॉर्ज बादशहाची स्वारी हिंदुस्थानांत आलेली होती. इंग्रजी वर्तमानपत्रांनीं घोटाळा करून हें गाणें बादशहाच्या स्तुतीचें आहे असें छापलें, आणि ती अफवा आजतागायत कांहीं लोक पारावर बसून चघळीत असतात. खुद्द रवींद्रनाथांनीं १९३७ सालीं एका पत्रांत खुलासा केला कीं, युगानुयुगें माणसांचा रथ हांकणारा कोणी जॉर्ज असूं शकत नाहीं. तरी अफवा मेली नाहीं. अफवेला पाय असतात आणि खुलाशाला नसतात, हें खेड्यापाड्यांतल्या माणसाला निराळें सांगावयास नको.

१९४३ सालीं सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सरकारनें याच गीताच्या धर्तीवर हिंदुस्थानी बोल बसवून तें आपल्या फौजेच्या तोंडीं दिलें. आमच्या मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनीं दुसऱ्या बाजूनें कंबर बांधली. बंकिमचंद्रांच्या 'वंदे मातरम्'ला सर्वांना एकत्र म्हणतां येईल अशी चाल लावून, तें बँडवरही वाजतें हें दाखविण्यासाठीं त्यांनीं दिल्लीपर्यंत खटपट केली. अखेर २४ जानेवारी १९५० रोजीं घटना समितींत डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीं निवेदन करून 'जन गण मन' हें राष्ट्रगीत जाहीर केलें, आणि 'वंदे मातरम्'लाही तितकाच मान राहील असें सांगितलें. पांच कडव्यांपैकीं पहिलें कडवें तेवढें घेतलें. तें म्हणावयास ५२ सेकंद लागतात. त्यावर मतदान झालें नाहीं, ठराव झाला नाहीं. तरी तें देशाचें झालें, कारण शाळेंतल्या पोरांनीं, पलटणींतल्या शिपायांनीं आणि खेड्यांतल्या माणसांनीं तें आपल्या तोंडीं घेतलें. निवेदनानें गीताला दर्जा मिळतो. जीव मात्र लोकांच्या गळ्यांतूनच मिळतो.

त्या गीतांत जो 'मराठा' शब्द आहे तो जातीचा नव्हे, मुलखाचा आहे, हेंही येथें सांगून ठेवणें बरें. जेथें पंजाब, गुजरात, उत्कल हे प्रांत ओळीनें येतात तेथें मराठा म्हणजे अवघा महाराष्ट्र: त्यांत कुणबी आला, माळी आला, महार आला, मांग आला, कोळी, साळी, तेली, सुतार, मुसलमान आणि ब्राह्मणही आला. त्या शब्दावर कोणा एकानें मालकी सांगूं नये, आणि दुसऱ्या कोणीं स्वतःला त्यांतून वगळलेलें समजूं नये.

आतां उभें राहण्याच्या सक्तीविषयीं दोन शब्द. राष्ट्रगीतांत कोणीं मुद्दाम अडथळा आणला तर १९७१ च्या कायद्यानें शिक्षा आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु केरळांत तीन मुलें धर्माच्या समजुतीमुळें राष्ट्रगीत म्हणत नसत, नुसतीं अदबीनें उभीं राहत. त्यांना शाळेंतून काढलें. १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, अदबीनें उभें राहणें हा अपमान नव्हे, मुलांना परत घ्या. पुढें २०१६ सालीं त्याच न्यायालयानें प्रत्येक सिनेमागृहांत खेळापूर्वीं राष्ट्रगीत वाजविण्याची सक्ती केली, आणि २०१८ च्या जानेवारींत ती मागें घेतली. यांतून शहाण्यानें एकच बोध घ्यावा. भक्ति छडीनें उत्पन्न होत नाहीं. ज्या घरांत बापाला मान आहे त्या घरांत त्याला रोज उठून 'मला मान द्या' म्हणावें लागत नाहीं.

दूरच्या देशाचें एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. दक्षिण आफ्रिकेंत १८९७ सालीं एनॉक सोंटोंगा नांवाच्या एका काळ्या शाळामास्तरानें आपल्या भाषेंत एक प्रार्थना रचिली. तिचें गीत झालें. तें खाणींतल्या मजुरांनीं आणि चळवळींतल्या लोकांनीं गाइलें, आणि गोऱ्या राजवटीच्या डोळ्यांत तें सलूं लागलें. राज्य बदलल्यावर १९९७ सालीं तेंच गीत त्या देशाच्या राष्ट्रगीताचा पहिला भाग झालें. आणि नव्या सत्ताधाऱ्यांनीं जुन्या गोऱ्यांच्या गीताचा तुकडाही त्यांत ठेविला! आज एकाच राष्ट्रगीतांत पांच भाषा नांदतात. दबलेल्या लोकांच्या हातीं सत्ता आली तर ते सूडच घेतील, अशी भीति जे लोक नेहमीं घालीत असतात, त्यांनीं हें गीत एकदां कान देऊन ऐकावें.

आतां आपल्या घरचें गीत. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, तें कोणीं ताटांत वाढून दिलें नाहीं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. १९५६ च्या जानेवारींत गिरगांवापासून लालबाग-परळपर्यंत रस्त्यांवर रक्त सांडलें. आपण १०६ हुतात्मे म्हणतों, त्यांच्या यादींत गिरणीकामगार आहेत, हातावर पोट असलेले मजूर आहेत, शाळकरी पोरें आहेत. फ्लोरा फाउंटनजवळ त्यांचें स्मारक उभें आहे. त्यावर मशाल धरून कोण उभे आहेत तें एकदां मुलांना नेऊन दाखवा. एक शेतकरी आहे आणि एक कामगार आहे. तेथें ना शेठ आहे, ना पुढारी.

आणि ही चळवळ गांवोगांव पोंचविली कोणीं? शाहिरांनीं. वाटेगांवच्या मांगवाड्यांतून पायीं मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख, त्यांचे सोबती गव्हाणकर, यांच्या डफावर माणसें जमत, पुढाऱ्यांचीं भाषणें नंतर होत. हा डफ कांहीं त्या दिवशींच हातीं आलेला नव्हता. जोतीराव फुल्यांनीं १८६९ सालीं शिवाजीमहाराजांवर पोवाडा रचून छापला, आणि त्यांत महाराजांना कुळवाड्यांचें भूषण म्हटलें. पुढें सत्यशोधकांचे जलसे आले, त्यांच्यामागून आंबेडकरी जलसे आले. ज्या कलेला शहाणेसुरते लोक हलकी म्हणून नाकें मुरडीत होते, तिनेंच बहुजनसमाजाला वाचावयास लावलें, प्रश्न विचारावयास लावलें, आणि शेवटीं राज्यही मिळवून दिलें.

'जय जय महाराष्ट्र माझा' हें गीत राजा बढे यांचें, चाल श्रीनिवास खळे यांची आणि गळा शाहीर कृष्णराव साबळे यांचा. शाहीर साबळे वाई तालुक्यांतल्या पसरणीचे. गांवच्या देवळाचें दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलें करण्याच्या चळवळींत ते तरुणपणीं होते. अशा माणसाच्या गळ्यांतून तें गीत आलें म्हणून तें दिवाणखान्यांत अडकून न राहतां जत्रेंत, वरातींत, गणपतींत गेलें. सरकारनें २०२३ सालीं, १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीपासून, त्याला राज्यगीताचा दर्जा दिला. तेंच शाहिरांच्या जन्मशताब्दीचें साल. म्हणजे सरकारी शिक्का बसावयास साठांहून अधिक वर्षें लागलीं, आणि तोंवर लोकांनीं तें शिक्क्यावांचून संभाळलें. येथेंही निवाडा आधीं लोकांनींच केला.

राज्यगीतासाठीं मूळ गीतांतलीं दोन कडवीं घेतलीं. पहिल्यांत नद्या आहेत आणि भीमेकांठचीं तट्टें आहेत. हीं तट्टें कोणाचीं? पावसाळाभर नांगर धरणाऱ्या आणि दसरा झाला कीं भाला घेऊन निघणाऱ्या कुणब्यांचीं. दुसऱ्या कडव्यांत गरिबीचें ऊन आणि कष्टाचा घाम आहे. महाराष्ट्र त्यांत शिजला-भिजला, तेव्हां कोठें देशाच्या उपयोगी पडला, असा त्याचा भाव आहे. ज्या गीताला आज मंत्री, कलेक्टर आणि मोठमोठे कारखानदार सावधान उभे राहतात, तें गीत आपल्या गरिबीचें व आपल्या घामाचें आहे. ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु आमचा सवाल असा कीं, गीतांतल्या घामाला उभे राहणारे लोक खऱ्या घामाला उभे राहतात काय?

गीतांत कोयनेचें नांव आहे. त्या कोयनेवर धरण झालें, वीज झाली, मुंबईच्या गिरण्या आणि घरें उजळलीं. ज्यांचीं शेतें आणि गांवें पाण्याखालीं गेलीं त्यांच्या पुढच्या पिढ्यांना हक्काच्या जमिनीसाठीं पुन्हां पुन्हां ठाण मांडून बसावें लागलें. गीत परिपाठाला शाळांतून म्हणावें असें ठरलें आहे. ठीक आहे, परंतु मुंबईंत मराठी शाळा एकामागून एक बंद पडत आल्या, तर म्हणणारीं पोरें कोठून आणणार? हुतात्म्यांत गिरणीकामगार होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मेल्या, त्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. घरासाठीं कामगारांचे अर्ज लाखांनीं आले आणि घरें मिळालीं तीं हजारांच्या हिशेबांत. येथें ठाकूरद्वाराच्या खालून भुयारी मेट्रो धांवूं लागली, त्याचा आम्हांला आनंद आहे. परंतु वरच्या चाळींतला माणूस उद्यां येथेंच राहील कीं विरार-अंबरनाथच्या पलीकडे जाईल, याचें उत्तर कोणत्या कर्ण्यांतून ऐकावें?

कोणी म्हणेल, "मग हीं गाणीं हवींत कशाला? आधीं भाकरीचें पाहा." हें म्हणणें आम्हांला मान्य नाहीं. गाण्यानें पोट भरत नाहीं हें खरें, पण मुक्या माणसाला भाकरीही मागतां येत नाहीं. शाहिरांच्या डफानें आपल्याला बोलावयास शिकविलें. दोष गीताचा नाहीं. गीत म्हणून झालें कीं हात झटकून घरीं जाणाऱ्या आपला आहे. आपण मोठ्यानें म्हणतों, अर्थ विचारीत नाहीं. उभे राहतों, आणि मग बसूनच जातों. याबाबतींत दुसऱ्याला बोल लावण्याआधीं आपणच आपला कान धरावा.

म्हणून वाचकांना तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, घरांत मुलाला गीताचा अर्थ सांगा: नदी कोणती, तट्टें कोणाचीं, घाम कोणाचा. स्वतःला ठाऊक नसेल तर मास्तरांना विचारा; विचारण्यांत कमीपणा नाहीं. दुसरी, गांवच्या शाहिराला, जलसावाल्याला मानानें बोलवा आणि त्याच्या हातावर योग्य बिदागी ठेवा. कर्ण्यावरची ध्वनिमुद्रिका फुकट मिळते म्हणून जिवंत गळा उपाशी मारूं नका. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १ मे हा महाराष्ट्राचा दिवस आहे, जगभरच्या कामगारांचा दिवस आहे, आणि आपल्या खेड्यांतून तो ग्रामसभेचाही दिवस ठरलेला आहे. झेंड्याखालीं गीत म्हणून झालें कीं घरीं जाऊं नका. तेथेंच सतरंजी अंथरा, बाया-माणसें सगळीं बसा, आणि विचारा: पाण्याच्या योजनेचा पैसा कोठें गेला, शाळेंत मास्तर किती, रोजगार हमीचीं कामें कोणाला मिळालीं. वही उघडून दाखवा म्हणा. शहरांत चाळकऱ्यांनींही तसेंच करावें. पुनर्विकासाच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वीं तो सर्वांसमोर मोठ्यानें वाचून घ्यावा.

असो. त्या नाक्यावरच्या मुलाला रेवा म्हणजे काय तें कळलें. जातां जातां त्यानें दुसरें विचारलें, "आजोबा, तुमचा पण घाम आहे का ह्यांत?" म्हातारबाबा हंसले आणि म्हणाले, "आहे कीं रे. चाळीस वर्षांचा आहे." त्या चाळीस वर्षांचा हिशेब जोंवर या राज्याच्या वहींत मांडला जात नाहीं, तोंवर गीत अर्धेंच गाइलें गेलें असें आम्ही समजतों. तें पुरें करणें आपल्याच हातीं आहे.