नैराश्यातून उठणाऱ्याचे ताट

घरातील माणूस नैराश्याच्या आजारातून सावरू लागले की आपण त्यास उपदेश करतो: मन घट्ट कर, पोटभर जेव, हिंडफीर. उपदेश वाईट नाही, पण त्याचा क्रम उलटा आहे. या आजारात इच्छाच मावळलेली असते. भूक लागेल तेव्हा जेवू, उत्साह आला की फिरू, असे म्हणणाऱ्याची ती वेळ लवकर येत नाही. म्हणून भुकेची वाट न पाहता ठरल्या वेळी चार घास घ्यावेत. भाकरी नकोशी झाली तर मुगाची खिचडी चालेल, ताक चालेल. वेळ मात्र टळू नये.

आजारी जर घरची स्त्री असेल, तर ती सर्वांना वाढून शेवटी जेवते, म्हणजे पुष्कळदा जेवतच नाही. तिचे ताट आधी वाढले पाहिजे, आणि ते पुरुषांनी वाढावे. यात कसला आला आहे कमीपणा?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. तो आकडा आजच पुढे करू नका. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत चालणे पुष्कळ झाले. काही औषधांनी वजन वाढते. त्यावरून थट्टा करणे क्रौर्य होय. गोळ्याही डॉक्टरांस विचारल्यावाचून थांबवू नयेत.

उपचार ही मेहेरबानी नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये दारिद्र्यरेषेखालील माणसास, त्याच्याजवळ कार्ड असो वा नसो, सरकारी मानसोपचार विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. कार्डावाचून कोणी परत पाठविले, तर हे कलम १८ त्यांस दाखवा.